नावाचे चित्र आणि हातची सही



या व्यासपीठावर दरसाल विद्वान मंडळी येतात. आमचे शिक्षण सातवीत थांबले. पुढे जे काही झाले ते जिनिंगच्या आवारात, कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांत झाले. त्यातून आज विषय घेतला आहे संगणकावर नावाचे शोभिवंत चित्र कसे काढावे, हा! कामगार चळवळीतल्या माणसाला हे कसले वेड लागले, असे एकदोघांनी वाटेत विचारलेही. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, हा विषय आम्ही शोधला नाही. तो आमच्या संघटनेच्या दारात चालून आला आणि आला तो भांडण घेऊनच आला.

राळेगावच्या कोणत्याही चौकात उभे राहा. वाढदिवसाचे फलक, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका यांवर सोनेरी, जळणारी, बर्फाची, लोखंडाची नावे दिसतात. पोरे आता पत्राखाली, निरोपाखाली आपल्या नावाची अशीच पट्टी लावतात. मागे एखादे चित्र, पुढे नाव, भोवती चौकट. लोक हसतात. आम्हीही हसलो होतो. पण आपल्या नावाला चित्र असावे ही हौस काही संगणकाने लावलेली नाही.

शिवछत्रपतींच्या पत्रांवर मायन्याजवळ अष्टकोनी राजमुद्रा असे, आणि मजकूर संपला की खाली मर्यादेची लहान मुद्रा असे. पहिली मुद्रा पत्र कोणाचे ते सांगे. दुसरी सांगे की मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षर वाढविले तर ते आमचे नव्हे. शोभा होतीच, पण तिच्या पोटात पहारा होता. आपण आजही ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो. त्यातला ‘मोर्तब’ त्याच दप्तरातला.

हे झाले राजांचे. आम्हाला अधिक गोडी वाटते ती गावच्या महजरांची. जुन्या कागदांवर पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने आपल्या हत्याराचे चित्र काढावे आणि ती त्याची सही समजावी, अशी रीत होती. तिला निशाणी म्हणत. श्रोतेहो, याहून सुंदर कामगाराची सही आम्ही पाहिलेली नाही. माणूस कोण आहे आणि काय करतो, हे एका चित्रात आले!

मग अंगठा आला. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला. हेतू हा की, उद्या त्याने ‘ही सही माझी नाही’ असे म्हणू नये. पुढे बोटांच्या ठशांचे शास्त्र झाले आणि मस्टरवरचा कामगार अंगठाबहाद्दर झाला. नांगराचा गेला अंगठा, आणि अंगठ्याबरोबर चिकटली लाज. आमच्या संघटनेत पन्नाशीच्या बायका पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या त्या काही वर्तमानपत्र वाचायला नव्हे. पगाराच्या दिवशी बोटाला शाई लागू नये म्हणून बसल्या.

आता आमची गोष्ट. संघटनेच्या पत्रांवर लावायला एक पट्टी हवी होती. फलक छापणाऱ्या एका पोराने हौसेने करून दिली. मागे ज्वाळा, मधे वाघ, वर सोन्याची अक्षरे. पट्टी पाहून एका मावशीने विचारले, “भाऊ, वाघ कोन्या जिनिंगमंदी काम करते?” आम्ही निरुत्तर झालो. शिवाय ‘संघटित’ या शब्दातली वेलांटी टच्या मागे उभी राहायची ती पुढे जाऊन पडली होती, आणि जोडाक्षरे मोडून हलन्ताचे काटे वर आले होते. पोराचा त्यात दोष नव्हता. फोटोशॉप हे प्रसिद्ध साधन १९९० साली बाजारात आले ते इंग्रजी अक्षरांचे लाड करीत. त्याच्या जुन्या आवृत्त्यांना आपल्या काना-मात्रांची शिस्त ठाऊक नव्हती. नव्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींची सोय निवडावी लागते, मग अक्षरे जागच्या जागी बसतात.

आम्ही मग स्वतःच शिकायला बसलो. विकतचे साधन परवडणारे नव्हते; गिम्प नावाचे फुकट मिळते ते घेतले. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते रचले, १९९६ साली लोकांच्या हाती दिले आणि नंतर अनेकांनी बिनमोल श्रम घालून वाढविले. त्यात मराठी अक्षर मोडत नाही. मालकाशिवाय कारखाना चालतो, याचे उदाहरण हवे असेल तर आम्ही हल्ली हे देतो.

या विद्येचे मर्म एका शब्दात आहे : थर. काचेच्या तुकड्यांवर वेगवेगळी चित्रे काढून ते एकावर एक ठेवावेत, तसे. तळाच्या काचेवर कापसाच्या बोंडाचे छायाचित्र, तिच्यावर अंधाराची पातळ काच म्हणजे चित्र जरा मागे हटते, तिच्यावर नाव, सर्वांत वर चौकट. एक काच बदलली तरी बाकीच्या तशाच राहतात. चूक केली तर एकच थर पुसावा लागतो. आमच्या वयाच्या विद्यार्थ्याला हा मोठाच दिलासा.

मापाचे आधी ठरवावे. कागदावर पाच इंच रुंद छापायची पट्टी असेल तर इंचाला तीनशे ठिपके धरून पंधराशे ठिपके रुंदी घ्यावी. भ्रमणध्वनीच्या पडद्यापुरती असेल तर सहाशे पुरतात. लहान चित्र मागाहून ताणून मोठे केले की ते पाणी घातलेल्या वरणासारखे होते. सावली टाकायची तर छायाचित्रात ऊन ज्या बाजूने आहे त्याच हिशेबाने टाकावी. पुष्कळांची नावे एका सूर्याखाली आणि चित्रे दुसऱ्या सूर्याखाली असतात.

आणि अक्षर! येथे आम्ही थोडे जास्त बोलणार. इंग्रजी अक्षरे सुटी उभी राहतात, म्हणून त्यांच्यात अंतर वाढविले तर ती ऐटदार दिसतात. आपली अक्षरे शिरोरेखेला लोंबतात. त्यांच्यात तसे अंतर वाढविले की दोरी तुटते आणि वाळत घातलेले कपडे अंगणभर होतात. वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, त्यांना जागा ठेवावी लागते, नाहीतर चौकट त्यांचे डोके कापते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे जन्मभर रेखाटली. नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरे आणि तरीही नाव वाचता येई. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी केलेली ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही अक्षरवळणे फुकट मिळतात, ती घ्यावीत. आमची कसोटी एकच : पट्टी तिकिटाएवढी करावी, आणि नाव वाचता आले नाही तर सजावट काढावी, नाव मोठे करू नये.

पट्टी झाली. मग बायका म्हणाल्या, आमच्याही करा. पांढऱ्या कागदावर प्रत्येकीने आपल्या हाताने सही करावी, तिचे छायाचित्र घ्यावे, पांढरा भाग काढून टाकावा आणि काळी सही बोंडाच्या चित्रावर ठेवावी, अशी टूम आम्हीच काढली. तीन संध्याकाळी बसून पट्ट्या केल्या. आयुष्यात प्रथमच केलेली सही अशी सजून आलेली पाहून एक मावशी कितीतरी वेळ काही बोललीच नाही. पट्ट्या घरोघर गेल्या, नातलगांना गेल्या, कोणाकोणाच्या भ्रमणध्वनीत गेल्या.

हंगाम संपला आणि हिशेबाच्या दिवशी एका कंत्राटदाराच्या मुनिमाने भरपाईची पावती पुढे केली. त्याच मावशीची सही. पैसे मात्र तिला मिळालेले नव्हते. ती म्हणाली, “भाऊ, हे सही माहीच हाय, पन म्या नाही केली.” हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही, कारण ती सही उचलता येईल अशी सोय आम्हीच करून ठेवली होती. पांढरा भाग काढलेली, धुऊन पुसून तयार सही, कोणत्याही कागदावर बसावी अशी.

आम्ही पावतीचे छायाचित्र घेतले. एका थरावर पावतीची सही, दुसऱ्यावर पट्टीतली सही. वरचा थर अर्धा पारदर्शक केला आणि माप जुळवून दोन्ही एकावर एक आणल्या. रेघेवर रेघ बसली. शेवटच्या अक्षराशी पेन अडखळून पडलेला ठिपकासुद्धा ठिपक्यावर बसला. माणूस दोनदा एकसारखी सही करीत नाही. जी तंतोतंत जुळते तीच संशयास्पद. हा युक्तिवाद आमचा नव्हे. अमेरिकेत सिल्व्हिया हौलंड या श्रीमंत बाईच्या मृत्युपत्राचा खटला १८६८ साली निकालात निघाला. त्यात हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स यांनी तिच्या बेचाळीस सह्या एकमेकींवर ठेवून, वादातल्या दोन सह्या इतक्या जुळणे स्वाभाविक नाही, असे गणिताने मांडले होते. रद्दीतल्या एका पुस्तकाचा असाही उपयोग झाला! मुनिमापुढे पडदा ठेवला, आम्ही वरचा थर हळूहळू फिका केला, पुन्हा गडद केला. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. चौथ्या दिवशी मावशीचे पैसे आले. पावती मागितली, ती मात्र दिली नाही.

त्या रात्री आम्ही सगळ्या पट्ट्या नव्याने करायला घेतल्या. कायद्याचेही थोडे वाचले होते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ज्या अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली ती गणिती कुलूप-किल्लीची गोष्ट आहे. कागदावरून उचललेले सहीचे चित्र म्हणजे ती नव्हे. लोक या दोहोंत फार गल्लत करतात, आणि शिकलेले लोक अधिक करतात. आम्ही ठरविले, पट्टीत हातची सही घालायची नाही. नाव छापील वळणाचे असेल, आणि सहीच्या जागी निशाणी.

निशाणी काय घ्यावी यावर मात्र दोन दिवस वाद झाला. हमालांनी गठाण ओढायचा आकडा मागितला. बायकांत टोपल्याला बहुमत मिळाले, पण प्रत्येकीने आपले टोपले आपण काढावे, एकीचे दुसरीने घेऊ नये, अशी उपसूचना आली आणि ती एकमताने मंजूर झाली. म्हणून आमच्याकडे आज जेवढ्या बायका तेवढी टोपली आहेत; एकाचा कान तुटका, एकात सरकी, एकात निजलेले मूल. त्या मावशीने टोपले काढलेच नाही. तिने पाटी आणि पेन्सिल काढली.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर संघटनेच्या खोलीवर यावे. संगणक एकच आहे, तेव्हा थोडे थांबावे लागेल. आणि आपापल्या हत्याराचे चित्र घरूनच काढून आणावे.