कलेचा कारभारी



आपल्या कॉलेजच्या नाटकातल्या, गाण्यातल्या मुलांचं कौतुक आज होईलच, आणि व्हायलाच हवं. मी मात्र बोलणार आहे जमशेद भाभांबद्दल. शास्त्रज्ञ होमी भाभा तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेत. जमशेद त्यांचे धाकटे भाऊ, जन्म १९१४चा. केंब्रिजला शिकले, टाटांकडे आले, टाटा सन्सचे संचालक झाले. फायली, बैठका, ताळेबंद यांत मुरलेला माणूस.

या माणसाला एक चिंता होती. आपलं संगीत गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जातं. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर किती बंदिशी जातात! त्यांचं ध्वनिमुद्रण व्हावं, कलाकाराला हक्काची जागा मिळावी, म्हणून जे. आर. डी. टाटांच्या पाठिंब्यावर १९६९मध्ये त्यांनी मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए, सुरू केलं. पहिलं बिऱ्हाड होतं भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या आकाशगंगा इमारतीत, लहानशा सभागृहासकट. कायमची जागा नरिमन पॉइंटला ठरली, तर तिथे समुद्र! भराव घालून जमीन करावी लागली. पुढे पु. ल. देशपांडे याच संस्थेचे मानद संचालक झाले, हे मराठी माणसाने विसरू नये.

१९८०मध्ये तिथे टाटा थिएटर उभं राहिलं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. आपल्या मैफलीत गाणारा आणि ऐकणारा समोरासमोर बसतात. मींड, श्रुती, तंबोऱ्याची आस जवळूनच कळते. म्हणून हजारेक माणसं बसतील तरी मायक्रोफोनची गरज पडू नये, असं सभागृह भाभांना हवं होतं. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. देणगी देणारे पुष्कळ असतात. शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला तंबोरा ऐकू येईल का, याची काळजी करणारा कारभारी विरळा.

मग १९९७ साल. ऑपेरा, बॅले, मोठी नाटकं यांच्यासाठीचं दुसरं थिएटर पुरं होत आलं होतं, आणि आगीत खाक झालं. भाभांनी ऐंशी ओलांडली होती. कोणीही म्हणालं असतं, आता पुरे. त्यांनी काम पुन्हा सुरू केलं आणि १९९९मध्ये पडदा उघडला. आज ते जमशेद भाभा थिएटर म्हणून ओळखलं जातं.

२००७मध्ये भाभा गेले. मलबार हिलवरचं 'मेहरांगीर' हे घर त्यांनी एनसीपीएच्या नावे केलं होतं. २०१४च्या लिलावात त्याचे ३७२ कोटी रुपये आले.

मित्रहो, हिशेब आणि व्यवस्थापन शिकणारी कितीतरी मुलं समोर बसली आहेत. आज पडद्यामागे तुमच्यापैकीच कोणी खर्चाची वही सांभाळतंय, कोणी दिवे बघतंय. नोकरीला लागाल तेव्हा आपल्या गावातल्या एखाद्या नाट्यगृहाची, संगीत मंडळाची जबाबदारी अंगावर घ्या. तिथे तुमच्यासारख्या जाणत्या कारभाऱ्यांची फार गरज आहे.