धर्माच्या नावाने बोलण्याचा हक्क



 अध्यक्षपदावरून वर्षभराच्या साहित्यव्यवहाराचा आढावा घेण्याची प्रथा आहे. ती आज बाजूला ठेवून एकाच प्रश्नाचा विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे. परधर्मीयांचा द्वेष करणारा माणूस परधर्मीयावर शस्त्र उगारतो, यात समजायला अवघड असे काही नाही. पण धर्मासाठी जीव द्यायला निघालेली माणसे आपल्याच धर्मातल्या, त्या समाजाने आपला मानलेल्या पुढाऱ्याचा जीव का घेतात? हा प्रश्न साहित्याच्या व्यासपीठावर आणण्याचे कारण असे की, अशा प्रत्येक हत्येआधी कोणीतरी काहीतरी लिहिलेले असते, बोललेले असते. लिहिणाऱ्यांचा या गोष्टीशी संबंध आहे आणि तो टाळता येणार नाही.

सुरुवात गांधीजींपासून करतो, कारण त्यांचा मारेकरी नथुराम गोडसे आपल्या भाषेत लिहिणारा होता. ‘अग्रणी’ आणि पुढे ‘हिंदू राष्ट्र’ या पुण्यातून निघणाऱ्या पत्राचा तो संपादक होता. फाळणी आणि पाकिस्तानला द्यायचे ५५ कोटी रुपये यांमुळे गांधींची हत्या झाली, असे आपल्याकडे अजूनही सांगितले जाते. पण २५ जून १९३४ रोजी पुण्यातच गांधीजींच्या स्वागताच्या वेळी बॉम्ब टाकला गेला होता. फाळणी तेव्हा राजकीय चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हती. गांधी अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर होते आणि गावोगाव सनातनी मंडळी त्यांना काळी निशाणे दाखवत होती. तो बॉम्ब कोणी टाकला हे सिद्ध झाले नाही, तरी त्या वेळचा वाद कशावरून पेटला होता हे स्पष्ट आहे. स्वतःला सनातनी हिंदू म्हणवणारा, रामनाम घेणारा, गीता उशाशी ठेवणारा माणूस अस्पृश्यता हे पाप आहे असे सांगत होता आणि लाखो श्रद्धाळू हिंदू ते ऐकत होते. हेच एखाद्या नास्तिकाने सांगितले असते, तर धर्मद्रोही म्हणून त्याला सहज बाजूला सारता आले असते. गांधींच्या बाबतीत ती सोय नव्हती.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अतिरेक्याची सत्ता एका दाव्यावर उभी असते : आम्ही सांगतो तोच धर्म, दुसरा अर्थ संभवतच नाही. परधर्मीय शत्रू या दाव्याला धक्का लावत नाही, उलट बळ देतो. त्याच्याकडे बोट दाखवूनच तर माणसे गोळा करता येतात. दाव्याला खरा धोका असतो तो घरातल्या माणसाचा. धर्मात राहून, धर्माच्याच आधाराने तडजोड करता येते, हे तो नुसते बोलत नाही, करून दाखवतो. त्याचे ऐकले जाते, म्हणूनच तो असह्य होतो.

हे केवळ तर्काने मांडत नाही. अशा हत्या कोणत्या क्षणी झाल्या ते पाहा. इ.स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत खलिफा अली यांनी लवाद मान्य केला. निवाडा फक्त ईश्वराचा, माणसांचा नव्हे, असे म्हणत खारिजी म्हणवले गेलेले त्यांचे अनुयायी त्यांच्यापासून फुटले आणि ६६१ मध्ये कूफाच्या मशिदीत त्यांच्यातल्याच एकाने प्रेषितांच्या या जावयावर तलवार चालवली. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींच्या उपोषणामुळे दिल्लीतल्या हिंदू, मुस्लिम, शीख पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिली. उपोषण १८ तारखेला सुटले, २० तारखेला प्रार्थनासभेत स्फोट झाला आणि ३० तारखेला हत्या. अकाली नेते संत हरचंदसिंग लोंगोवाल यांनी पंतप्रधान राजीव गांधींबरोबर पंजाब करारावर सही केली २४ जुलै १९८५ रोजी. त्यांना गोळ्या घातल्या गेल्या २० ऑगस्टला, महिनाही उलटला नव्हता. लाहोरचे मौलाना सर्फराज नईमी यांनी आत्मघाती हल्ले इस्लामला निषिद्ध आहेत असे जाहीरपणे सांगितले. १२ जून २००९ रोजी त्यांच्याच मदरशात एका आत्मघाती हल्लेखोराने त्यांना मारले. शतके वेगळी, धर्म वेगळे, देश वेगळे. पण घाव पडतो तो समेटाचा शब्द प्रत्यक्षात उतरू लागला की.

तरीही स्वधर्मीयाची हत्या सोपी नसते. ती करणाऱ्यालाही ते पाप वाटू शकते. म्हणून आधी त्या माणसाला धर्माबाहेर काढावे लागते आणि हे काम शस्त्राने नव्हे, शब्दाने होते. फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री कॅथलिक होता. जानेवारी १५८९ मध्ये पॅरिसच्या धर्मपंडितांनी त्याच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. ऑगस्टमध्ये एका तरुण डॉमिनिकन साधूने त्याच्या पोटात सुरा खुपसला. इजिप्तचे अन्वर सादात स्वतःला श्रद्धावान राष्ट्राध्यक्ष म्हणवत आणि शरियतची तत्त्वे हा कायद्याचा मुख्य आधार असेल, अशी घटनादुरुस्ती त्यांच्याच काळात झाली. अब्दुस्सलाम फरज याने एका पुस्तिकेत युक्तिवाद केला की, असे राज्यकर्ते धर्मभ्रष्ट आहेत आणि दूरच्या शत्रूआधी जवळच्याशी लढले पाहिजे. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी लष्करी संचलनात सादात यांना मारणारे फरजच्याच गटातले होते. इस्रायलमध्ये ज्यूंचा जीव धोक्यात घालणाऱ्याला रोखण्यासाठी मारण्याची मुभा देणारा जुना धर्मनियम पॅलेस्टिनींशी ओस्लो करार करणारे पंतप्रधान राबिन यांना लागू होतो का, याची चर्चा काही रब्बींमध्ये झाली होती. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना मारणारा यिगाल अमीर कायद्याचा विद्यार्थी होता आणि त्याने त्याच नियमाचा आधार घेतला. यात माथेफिरू किती आणि विचारपूर्वक पटवले गेलेले किती, याचा आपणच विचार करावा.

यावर आक्षेप येईल की, या राजकीय हत्या आहेत, धर्म हे निमित्त आहे. सादात आणि राबिन धर्मगुरू नव्हते, नथुरामने न्यायालयात राजकीय कारणेच मांडली, हे खरे आहे. पण राजकीय मतभेदासाठी निवडणूक आहे, सभा आहे, वर्तमानपत्र आहे. विरोधकाला जगण्याचाच हक्क उरत नाही, हा निष्कर्ष राजकारणातून निघत नाही; त्यासाठी त्याला पवित्र समूहाचा द्रोही ठरवावे लागते. दुसरा आक्षेप असा की, दोष विशिष्ट धर्माच्या शिकवणीतच आहे. मी दिलेल्या उदाहरणांत हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती, ज्यू सगळे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी मारला गेलेलाही त्याच धर्माचा आहे. शिकवण दोघांना एकच मिळाली होती. फरक पडला तो तिचा अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नावर.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मग धर्मपुढाऱ्यांवर टीकाच करायची नाही का? करायची, आणि कठोर करायची. गांधीजींवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतकी परखड टीका क्वचितच कोणी केली असेल. पुणे कराराच्या वेळी अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न होता आणि १९४५ मध्ये तर बाबासाहेबांनी काँग्रेस व गांधी यांच्यावर आरोपपत्र ठरावे असा संपूर्ण ग्रंथ लिहिला. पण ती टीका पुराव्यांची आहे, कृतींची आहे, उत्तराला जागा ठेवणारी आहे. ‘तुमचे चुकले’ असे म्हणणारा वाद चालू ठेवतो. ‘तुम्ही आमचे नाहीच’ असे म्हणणारा वाद संपवतो आणि पुढचे काम दुसऱ्या कोणावर सोपवतो. धर्मबुडवा, बाटगा, फितूर ही विशेषणे आपल्या मराठी मुलखात सुधारकांना मुबलक वाटली गेली आहेत. ती लिहिणारे हात बहुधा सुशिक्षित होते.

अशा हत्यांनी मारेकऱ्यांचा हेतू साधतो का? उत्तर सरळ नाही. खारिज्यांनी अलींना मारले आणि सत्ता गेली ती उमय्या घराण्याच्या हाती, जे त्यांना त्याहून नकोसे होते. तिसऱ्या हेन्रीनंतर गादीवर हक्क आला तो प्रोटेस्टंट नव्हारच्या हेन्रीचा. गांधीहत्येनंतर भारताने धर्मराज्याची वाट धरली नाही आणि सादात यांनी इस्रायलशी केलेला शांतता करार आजही टिकून आहे. पण राबिन यांच्या मागे पुढच्याच वर्षी ओस्लो कराराचे विरोधक निवडून आले आणि लोंगोवाल करारातली महत्त्वाची कलमे कागदावरच राहिली. म्हणजे गोळी एका माणसाचा अंत करते. त्याच्या कामाचा अंत होतो तो मागे उरलेल्यांनी ते सोडून दिले तर. मारेकरी मागे उरलेल्यांच्या भीतीवर विसंबून असतो.

म्हणून लेखक, संपादक, प्रकाशक आणि शिक्षक म्हणून माझ्या आपल्याकडे तीन मागण्या आहेत. मतभेद निर्भयपणे लिहा, पण कोणाला त्याच्या धर्मातून वा समाजातून हाकलून देणारे वाक्य आपल्या नावाने छापू नका. समेट करू पाहणारा माणूस जिवंत असताना त्याच्या बाजूने चार शब्द लिहा. मृत्युलेख लिहायला सगळेच तयार असतात. आणि ज्याला धर्मासाठी मारल्याचे सांगितले जाते, तोही त्याच धर्माचा वारस होता, हे पुढच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांत आणि आपल्या कथा-कादंबऱ्यांत ठामपणे लिहा. धर्माचा अर्थ सांगण्याचा हक्क कोणा एका टोळीचा नाही. तो श्रद्धा असणाऱ्या प्रत्येकाचा आहे आणि तो शाबूत ठेवणे हे लेखणी धरणाऱ्यांचे काम आहे.