मांडव्याचे नाव
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत चित्रपटाचा, त्यातही गुंडांच्या चित्रपटाचा विषय काढावा, हे काही वडीलधाऱ्यांस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. परंतु ज्या गोष्टींविषयी आमची मुले सदैव बोलत असतात, त्यांविषयी वडिलांनी मौन धरावे हेही योग्य नव्हे. शिवाय आजचा विषय आमच्याच जिल्ह्यातील एका गावाचा आहे. एका अतिप्रसिद्ध चित्रपटात हे गाव पुन्हा पुन्हा ऐकू येते, तरी ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांस ते खरे गाव आहे याची वार्ताही नसते. तेव्हा आपण थोडा वेळ अवधान द्यावे, अशी विनंती आहे.

तो चित्रपट म्हणजे 'अग्निपथ'. मुकुल आनंद यांनी दिग्दर्शित केलेला आणि यश जोहर यांनी निर्माण केलेला हा चित्रपट १९९० साली प्रकाशित झाला, व त्यातील भूमिकेबद्दल अमिताभ बच्चन यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा नायक विजय हा मुंबईचा गुंड आहे. कोणी नाव विचारले की हा मनुष्य आपले नाव, बापाचे नाव, आडनाव आणि गाव, असा सगळा पत्ता सांगतो. आणि ते गाव म्हणजे मांडवा. आपण नीट ऐकाल तर ही आमची महाराष्ट्रीय रीत आहे. कचेरीत, शाळेत, इस्पितळात आपण असेच नाव सांगतो. आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीतही बालकाच्या नावापाठोपाठ आईबापांचे नाव व ठिकाण येते. मनुष्य एकटा नाही, तो कोणाचा तरी आहे व कोठला तरी आहे, असा त्या रीतीचा अर्थ आहे.

आता हे मांडवा कोठे आहे? ते अलिबाग तालुक्यात, समुद्रकाठी, मुंबई बंदराच्या समोर आहे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले. म्हणजे चित्रपट आला तेव्हा जिल्ह्याचे नवे नाव नऊ वर्षांचे होते. मुंबईच्या गेटवेपासून मांडव्यास लाँच जातात, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे नेणारी रो-रो बोटही सुरू झाली. आपण साजगाव-खोपोलीची मंडळी डोंगराच्या पायथ्याशी राहतो. आपणांस मांडव्यास जावयाचे तर पेण, वडखळ, पोयनाड असा रस्ता धरावा लागतो. तरीही किनारा आपणांस परका नाही. कार्तिकीस साजगावी विठोबाची मोठी यात्रा भरते. तेथे सुक्या मासळीचा बाजार इतका मोठा असतो की लोकांनी त्या देवासच 'बोंबल्या विठोबा' म्हणावे. ती मासळी डोंगरात पिकत नाही. ती किनाऱ्यावरूनच येते. ज्या जिल्ह्याचा समुद्र असा दरवर्षी आपल्या दारी येतो, त्याचे मांडवा आपलेच म्हणावयास कोणती हरकत आहे?

अशी नावे एकदा शोधू लागले की आणखीही सापडतात. १९९८ साली रामगोपाल वर्मा यांचा 'सत्या' आला. त्यातील मुंबईच्या टोळीचा म्होरक्या भिकू म्हात्रे. दिग्दर्शक आंध्रकडील, भूमिका करणारे मनोज वाजपेयी बिहारच्या चंपारण्यातील. परंतु पात्रास आडनाव दिले ते म्हात्रे! पेण, पनवेल, उरण, अलिबाग येथे हे आडनाव किती दारांवर आहे, हे आपणांस सांगावयास नको. १९९९ साली महेश मांजरेकरांच्या 'वास्तव'मध्ये रघू नावाचा तरुण पावभाजीच्या गाडीवरून गुंडगिरीकडे वळला. त्याचे आडनाव शिवलकर, हेही कोकणच्याच वळणाचे. आणि १९८९ च्या 'परिंदा'त ज्यांनी निर्दय अण्णाची भूमिका केली, ते नाना पाटेकर जन्माने मुरुड-जंजिऱ्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे.

ही नावे आकाशातून पडली नाहीत. मुंबईच्या गिरण्या व गोद्या ज्यांच्या श्रमांवर चालल्या, त्यांत कोकणातील माणसे फार मोठ्या संख्येने होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतील पुष्कळांस पुन्हा काम मिळालेच नाही. चाळीतील कित्येक घरांची चूल मंदावली. काही घरे गावी परतली, आणि काही घरांतील तरुण पोरे टोळ्यांच्या हाती लागली. चित्रपटवाल्यांस गुंडाचे नाव हवे होते, तेव्हा ते चाळीच्या दारांवर आयतेच लिहिलेले सापडले. म्हणून पडद्यावर आपले नाव दिसल्यावर टाळी वाजविण्यापूर्वी, ते नाव तेथवर कोणत्या वाटेने पोहोचले याचा विचार केला पाहिजे.

येथे आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. २०१२ साली करण मल्होत्रा यांनी 'अग्निपथ' पुन्हा काढला. या वेळी हृतिक रोशन नायक झाले. त्यात मांडवा हे बेट म्हणून दाखविले आहे, आणि त्याचे चित्रण झाले दूर दीव येथे. खरे मांडवा बेट नव्हे. आणि आज तेथे धनिक लोकांचे बंगले आहेत, सुटीस येणाऱ्यांची वर्दळ आहे. उलट आपल्याच खालापूर तालुक्यात चौकजवळ हातनोली येथे नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली जो स्टुडिओ उभारला, तेथे २००८ च्या 'जोधा अकबर'साठी मोगली महाल व दरबार उभे राहिले. म्हणजे एकीकडे नाव रायगडचे आणि माती दीवची. दुसरीकडे नाव आग्र्याचे आणि माती खालापूरची. जे देसाई आग्रा येथे आणू शकले, त्यांचा शेवट त्याच स्टुडिओत २ ऑगस्ट २०२३ रोजी दुःखद रीतीने झाला, हेही आपण विसरलो नाही. पडद्यावरील नावास व भूमीस फार भाळू नये, हे यावरून कळते.

परंतु केवळ गंमत सांगावयास आम्ही उभे राहिलो नाही. मांडव्याचे नाव चित्रपटात का येते, हे पाहिले म्हणजे आनंदाची टाळी थोडी थबकते. कथा अशी आहे: मांडव्यात मास्तर दीनानाथ चौहान नावाचे सज्जन शिक्षक राहतात. गावाच्या भल्यासाठी झटतात; लोक त्यांस मानतात. कांचा चीना नावाच्या गुंडास गावाचा उपयोग मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापारासाठी करावयाचा आहे, व गावचा जमीनदार दिनकरराव त्यास सामील आहे. मास्तर आड येतात. तेव्हा त्यांच्या चारित्र्यावर एक बनावट किटाळ रचले जाते. आणि मग मास्तरांस कोण मारतो? एकटा कांचा नव्हे. ज्यांच्या मुलांस मास्तरांनी शिकविले, तेच गावकरी त्या किटाळावर विश्वास ठेवून मास्तरांस मरेपर्यंत मारतात. हे पाहणारा मुलगा आई व बहीण यांजबरोबर मुंबईस जातो आणि गुंड होतो.

येथेच आम्हांस त्या चित्रपटाचे मर्म दिसते. विजय वाईट झाला, त्याचे पाप त्याच्या माथी आहेच. त्याची आईदेखील त्याच्या पापाचा पैसा पवित्र मानीत नाही. मेरी मॅथ्यू नावाची ख्रिस्ती परिचारिका त्याच्यावर प्रेम करते, पण तीही त्यास मागे फिरवू शकत नाही. तथापि पहिला दगड मांडव्याने मारला होता. जे नाव तो सर्वांस ऐकवीत फिरतो, त्या नावात अभिमान आहे तसाच आरोपही आहे. तुमच्या गावाने माझ्या बापास एका खोट्या वार्तेवरून मारले, असेच तो प्रत्येक वेळी सांगत असतो. शेवटी तो त्याच मांडव्यास परत येतो, सूड पुरा करतो, आणि आईच्या मांडीवर प्राण सोडतो. एका चहाडीने प्रथम बाप गेला, मग मुलगा गेला. मधल्या काळात जे किती मेले, त्यांची मोजदाद कोणी केली नाही.

कोणी म्हणेल, ही केवळ चित्रपटाची कल्पना आहे. खरे मांडवा सालस गाव आहे. मांडवा सालस आहे हे आम्हीही मानतो, आणि त्या गावावर कसलाही डाग लावावयाचा आमचा हेतू नाही. परंतु गाव वार्तेवरून माणसे मारते, ही कल्पना नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात भिक्षेस आलेल्या पाच निरपराध भटक्या माणसांस, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार केले. ती अफवा मोबाईलवरून पसरली होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा मोटारचालक अशाच अफवेच्या दिवसांत मारले गेले. मारणारे सर्व काही पूर्वीपासूनचे गुंड नव्हते. त्यांत शेती करणारे, मजुरी करणारे, लेकरेबाळे असलेले लोक होते. त्या मृतांच्या मुलांस यापुढे गावाचे नाव सांगताना काय वाटेल, याचा आपण विचार करावा.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्या मुलांनी अशा चित्रपटात आपल्या जिल्ह्याचे गाव ओळखले तर त्यांस रागे भरू नका. ओळखणे ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्यांजबरोबर बसा, आणि विचारा: या गोष्टीत गाव काय करते? विजयचे कपडे, त्याची चाल, त्याचा घोगरा आवाज हे सर्व मुले आपोआप शिकतात. गावाने कोठे चूक केली हे त्यांस कोणी दाखवून दिल्याशिवाय दिसत नाही. ज्या गावात एका जरी माणसाने उभे राहून, थांबा, मास्तरांस आधी विचारू तरी, असे म्हटले असते, त्या गावाची कथा तेथेच संपली असती. मग पुढे कोणी चित्रपट काढला नसता, आणि मांडव्याचे नाव आपणांस ऐकू आले नसते, हे खरे. पण मास्तर जगले असते.

आमच्या साजगावचे, खोपोलीचे, कर्जतचे नाव कधी पडद्यावर येवो अथवा न येवो. ज्या दिवशी येथे कोणाविषयी विषारी वार्ता येईल, त्या दिवशी असे म्हणणारा एक मनुष्य येथे असावा. आपल्या वडिलांनी दिलेले नाव व आपल्या गावाचे नाव आपल्या लेकरांस मान ताठ ठेवून सांगता यावे, यासाठी तेवढे पुरे आहे.