रोजनिशीतील कोरी पाने

(सोलापूर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सोलापूरकराला मागाची ओळख करून द्यावी लागत नाही. चादर विणताना धागा तुटला, तर विणकर माग थांबवतो, दोन्ही टोके चिमटीत धरून गाठ मारतो आणि पुढे विणू लागतो. एक धागा तुटला म्हणून विणलेली चादर कोणी टाकून देत नाही. नेमाच्या बाबतीत मात्र माणूस इतका समंजस राहत नाही. वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिणारा गृहस्थ एकदा थांबला की पुन्हा त्या वहीकडे वळत नाही. ‘आता खंड पडला, काय उपयोग?’ हे त्याचे ठरलेले उत्तर असते.

रोजनिशी बंद पडते ती प्रत्येक वेळी आळसानेच असे नाही. कधी बदली होते, कधी आजारपण येते, कधी दृष्टी मंदावते. अनेकदा कारण याहून खोल असते. पत्नीच्या औषधांच्या वेळा रोज टिपून ठेवणारा एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. ती गेली त्या दिवशीचे पान कोरे राहिले आणि पुढची सारीच पाने कोरी राहिली. 2020 आणि 2021 या दोन वर्षांनी अशी कोरी पाने कितीतरी घरांत ठेवली असतील. वही उघडायची म्हणजे त्या पानावरून पुढे जायचे, आणि पाऊल नेमके तेथेच अडखळते.

जगप्रसिद्ध रोजनिशीकारालाही हा खंड चुकलेला नाही. लंडनच्या सॅम्युएल पीप्स याने 1 जानेवारी 1660 रोजी लेखनास आरंभ केला. 1665 ची प्लेगची साथ आणि 1666 ची लंडनची आग त्याने डोळ्यांनी पाहिली व लिहून ठेवली. पुढे डोळ्यांचे दुखणे वाढले. दृष्टी जाणार या भयाने 31 मे 1669 रोजी त्याने लेखणी खाली ठेवली. त्यानंतर तो 34 वर्षे जगला आणि आंधळा मुळीच झाला नाही. 1683 साली टॅंजियरच्या प्रवासात, चौदा वर्षांनंतर, त्याने पुन्हा दैनंदिनी लिहिली. ज्या भयाने नेम मोडला, ते भय खरे ठरले नव्हते. खंड पडला म्हणून आधीची नऊ वर्षेही वाया गेली नव्हती.

आपल्याकडील उदाहरण याहून बोलके आहे. भोर परिसरातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली जपलेली होती. शके 1540 ते 1619 या काळातील घटना तीत मिती-वारानिशी मोजक्या शब्दांत टिपल्या आहेत. आरंभीच्या वर्षांच्या नोंदी विरळ आहेत. वर्णन नाही, अलंकार नाही. लोकमान्य टिळकांनी 1916 साली ती प्रसिद्ध केली. शिवछत्रपतींचा जन्म 1627 सालचा, असे तोवर सामान्यतः मानले जाई. शकावलीतील एका ओळीने फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, ही मिती अभ्यासकांपुढे ठेवली. नोंद सलग आहे की विरळ, हे तेथे महत्त्वाचे ठरले नाही. त्या दिवसाची ओळ कोणीतरी लिहून ठेवली होती, हेच मोलाचे ठरले.

लिहिणाऱ्याच्या नोंदीत दुसऱ्याचे आयुष्यही जपले जाते. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तेथेच, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, निवर्तले. ते परतले नाहीत. पण पथकातील सहकारी डॉ. बसू यांनी रोजनिशी लिहिली होती. म्हणून त्या दिवसांची हकीकत पुढील पिढ्यांच्या हाती आली. औषधांच्या वेळा टिपणाऱ्या त्या गृहस्थाच्या जुन्या वह्यांतही त्याच्या पत्नीचे दिवस असेच जपलेले आहेत. तिने केलेले पापड, तिला आलेला ताप, सिद्धेश्वराच्या यात्रेला दोघे मिळून गेले ती संध्याकाळ. वही कायमची मिटली तर ती दुसऱ्यांदा दूर जाते.

मग पुन्हा आरंभ कसा करावा? पाडव्याची वा 1 जानेवारीची वाट पाहू नये. आजची तारीख पुरेशी आहे. राहिलेली वर्षे भरून काढण्याचा अट्टहास करू नये. त्या ओझ्याखाली नवा नेम चार दिवसांत मोडतो. ‘मध्यंतरी लेखन झाले नाही’ एवढी प्रामाणिक ओळ लिहावी आणि पुढे जावे. तीच विणकराची गाठ. त्यानंतर रोज तीन ओळी लिहाव्यात: कोण भेटले, काय खर्च झाला, मनात काय राहिले. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा स्वतःला देऊ नये.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखा दिसावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. ग्रंथाच्या प्रतीला ती शोभते. रोजनिशीचे तसे नाही. पंचविशीतील टपोरे अक्षर आणि सत्तरीतील कापरे अक्षर एकाच वहीत नांदले पाहिजे. मधली कोरी पानेही फाडू नयेत. त्या दिवसांत शब्द सुचत नव्हते, एवढे ती पाने खरेपणाने सांगतात.

त्या गृहस्थाने आज रात्री वही काढावी, कोऱ्या पानावरून हात फिरवावा आणि पुढच्या पानावर तारीख घालावी. पहिली ओळ तिच्याविषयीच असली तरी चालेल. दुसरी ओळ उद्याची.