दाखला आणि दार



१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, थॅलेसेमियाही आला. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. उच्च शिक्षणात ५ टक्के, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा. सरकारने एवढे केले, हे मान्य करू या.

पण सारे अडते दाखल्यावर. पिशोरहून तपासणीला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, मुलाला उचलून एसटीत चढवावे लागते. ही गैरसोय सरकारनेच दूर करावी. मात्र "पाहुणे आले, त्याला आत ने" असे म्हणणारे आपणच ना? मुलगी असली तर शेजाऱ्यांनाही पत्ता नसतो! अशा मुलांची नावे शाळेत कळवा. ऑनलाइन अर्ज भरायला आमचे दहावीचे विद्यार्थी तुमच्या घरी येतील.