खाऱ्या पाण्यातले मासे अचानक दगावले तर



मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडलं, ते थेट समुद्राच्या काठावर.
वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरला असा शेजार नाही.
इथे खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची, तर मीठ विकत आणणं आलं. पाणी थंड राखणंही आलं.

रात्री मासे छान पोहत होते. सकाळी दोन-चार मेलेले दिसले.
अशा वेळी घाईने औषध ओतू नका.
आधी हवा द्या.

विदर्भाच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापतं.
तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. खाऱ्या पाण्यात तर गोड्याहूनही कमी.
त्यात रात्री वीज गेली, पंप थांबला, की मासे वर येऊन धापा टाकतात.
म्हणून पुन्हा सांगते, आधी हवा.
बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

मग मेलेले मासे लगेच काढा.
ते कुजले, की अमोनिया वाढतो आणि उरलेले मासेही दगावतात.
अमोनिया तपासायचं किट मिळतं. तो आढळला, तर थोडं पाणी बदला. नवं पाणी तेवढंच खारट आणि तेवढंच कोमट असू द्या.

पाणी आटलं, तर भर मात्र क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याची.
वाफ उडून जाते, मीठ टाकीतच राहतं.

आणि हो, खोलीत डासांचा फवारा मारला होता का, तेही आठवा.
त्यातली काही कीटकनाशकं माशांना फार विषारी असतात.