पटावरचे राज्य

बुद्धिबळाच्या पटावरील प्यादे कधी हुकूम मोडीत नाही. वजीर राजाविरुद्ध कट करीत नाही, आणि हत्ती पोसण्यासाठी कोणाकडून सारा वसूल करावा लागत नाही. खेळाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. परंतु मोहऱ्यांच्या जागी नगरे, शेते, सैन्य, खजिना आणि प्रजा यांसह एखादे संपूर्ण राज्यच पटावर मांडले की हीच सोय अडचण होऊन बसते. संगणकावरील ऐतिहासिक डावपेचांच्या खेळांची रचना करणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी उभा असतो. राज्य खरे वाटावयाचे, तर त्यातील शासन कसे मांडावे?

सिड मायर व ब्रूस शेली यांनी रचलेला 'सिव्हिलायझेशन' हा खेळ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकतंत्री सत्ता, राजेशाही, साम्यवाद, प्रजासत्ताक आणि लोकशाही असे शासनाचे प्रकार त्यात होते, आणि एकातून दुसऱ्यात जाताना काही काळ अराजक सोसावे लागे. राजेशाहीत नगर राजधानीपासून जितके दूर, तितके तेथील उत्पन्न भ्रष्टाचारात अधिक गळे; न्यायालय उभारले की ही गळती कमी होई. लोकशाहीत अशी गळती नसे, पण सैन्य मोहिमेवर धाडले की नागरिक असंतुष्ट होत. प्रत्येक राज्यपद्धतीची काही किंमत असते, हा विचार या नियमांमागे होता. तरीही एक उणीव राहिलीच. राज्यपद्धती ही अंगरख्यासारखी बदलावयाची वस्तू ठरली. लोकशाही कोणी मागितली म्हणून येत नसे. खेळाडूला ती सोयीची वाटली म्हणून येई.

इतिहासातील सत्ता अशी नव्हती. फ्रान्सचा सोळावा लुई हा नावाने अनियंत्रित राजा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील खर्चाने त्याचा खजिना कर्जात रुतला होता. सरदार आणि धर्मगुरू यांनाही लागू होईल असा जमिनीवरील कर बसविण्याचे घाटले, तेव्हा पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेने ते फर्मान नोंदवून घेण्यास विरोध केला. अखेर १६१४ नंतर एकदाही न भरलेली 'इस्टेट्स जनरल' ही तीन वर्गांची सभा १७८९ मध्ये बोलवावी लागली, आणि पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. हुकूम काढणे राजाच्या हाती होते. तो अमलात येणे इतर अनेकांच्या हाती होते. या दोहोंमधले अंतर म्हणजेच शासन.

हे अंतर खेळात आणण्याचा प्रयत्न स्वीडनमधील पॅराडॉक्स या संस्थेने केला. २००४ साली आरंभलेल्या तिच्या 'क्रुसेडर किंग्ज' या मालिकेत खेळाडू राज्याची नव्हे, तर घराण्यातील एका व्यक्तीची भूमिका घेतो. राजाने मोजकीच ठाणी स्वतःकडे ठेवावीत. उरलेला मुलूख मांडलिकांच्या हाती. त्यांचा रोष वाढला तर ते गट बांधून मागण्या पुढे करतात. राजा मृत्यू पावला की खेळाडू त्याचा वारस होतो, आणि वाटणीचा कायदा असेल तर आयुष्यभर कमावलेले राज्य भावाभावांत विभागले जाते. खेळाडूला याचा संताप येतो. पण मध्ययुगीन युरोपातील राज्य हे नाती आणि शपथा यांनी बांधलेल्या माणसांचे जाळे होते, हे त्या संतापातूनच त्याला उमगते.

याच संस्थेच्या २०२२ मधील 'व्हिक्टोरिया ३' मध्ये १८३६ ते १९३६ हे शतक आहे. येथे जमीनदार, कारखानदार, कामगार संघटना असे हितसंबंधांचे गट आहेत. सरकारातील एखाद्या गटाचे पाठबळ नसेल तर कायदा सहसा पुढे सरकत नाही. कर वाढविता येतो, पण प्रशासन अपुरे असेल तर त्यातील काही भाग वसूलच होत नाही. कचेऱ्या वाढवाव्यात, तर त्यांना कागदही पुरवावा लागतो! तलवारीइतकाच कागदही राज्य तोलून धरतो, हे सत्य येथे नियमातूनच कळते.

अर्थात खेळाडूचे सारेच हात बांधले तर खेळ उरणार नाही. म्हणून या खेळांतही दूरच्या प्रांताचा हिशेब त्याला तत्काळ आणि अचूक दिसतो. असे भाग्य कोणत्याही सम्राटाला लाभले नव्हते. ही सवलत क्षम्य मानता येईल. धोका आहे तो दुसरीकडे. तासन्‌तास असे राज्य चालविणाऱ्या तरुणाला विरोध करणारा प्रत्येक गट ही केवळ वाटेतील धोंड वाटू लागते. परंतु जो नकार सिंहासनावरून अडथळा दिसतो, तोच अनेकदा शेतकऱ्याच्या घरातील धान्य वाचविणारा असतो.

खऱ्याखुऱ्या शासनव्यवस्थेची कसोटी खात्यांच्या संख्येत किंवा पदव्यांच्या यादीत नाही. पटावरील प्याद्याला नकार देता आला पाहिजे, आणि तो नकार त्याने का दिला, हे खेळाडूला समजले पाहिजे. ज्या खेळाने एवढे साधले, त्याने राज्य करण्याबरोबरच नागरिक असणे म्हणजे काय, हेही शिकविले.